लास वेगासच्या पूरबोगद्यांत राहणारी माणसे : पाणी, कायदा आणि बाहेरची वाट

पाणलोट (धागाकर्ता)

लास वेगासच्या रस्त्यांखाली माणसे राहतात, हे बहुतेकांनी व्हिडिओत पाहिलेले असते. त्यात अंधार दिसतो, गाद्या दिसतात, भिंतीवरची चित्रे दिसतात. पाणी मात्र कुठेच दिसत नाही, आणि या सगळ्या प्रकरणाचा जीव पाण्यात आहे. म्हणून हा धागा. माहितगारांनी भर घालावी.

आधी जागा समजून घेऊ. हे भुयारी रेल्वेचे बोगदे नव्हेत आणि सांडपाण्याची गटारेही नव्हेत. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या चौकोनी मोऱ्या आहेत या. काही ठिकाणी वाकून चालावे लागते, तर काही ठिकाणी तीनेक मीटर उंची मिळते. एकाला लागून दोन, तीन, चार मोऱ्या समांतर जातात आणि मधल्या भिंतींत अधूनमधून खिडक्या असतात.

शहर एका खोलगट खोऱ्यात वसले आहे. पश्चिमेला स्प्रिंग पर्वतरांग, तिचे चार्ल्सटन शिखर ३,६३२ मीटर. शहर साधारण ६०० मीटरवर. उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे. सगळे पाणी फ्लेमिंगो वॉश, ट्रॉपिकाना वॉश अशा एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांतून लास वेगास वॉशमध्ये आणि तिथून मीड सरोवरात जाते. जमिनीत चुनखडीचा कठीण थर आहे, त्याला तिकडे कॅलिची म्हणतात. त्यात पाणी मुरत नाही. वर डांबर आणि काँक्रीट. म्हणजे पडलेला पाऊस जवळजवळ सगळाच वाहतो.

क्लार्क काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा, लास वेगास याच काउंटीत येते) प्रादेशिक पूरनियंत्रण विभाग १९८५ मध्ये स्थापन झाला. १९८६ मध्ये मतदारांनी त्यासाठी पाव टक्का विक्रीकर मंजूर केला आणि त्या पैशातून साठवण तलाव, उघडे कालवे आणि बंदिस्त मोऱ्या बांधल्या गेल्या. हे जाळे आज ६०० मैलांच्या वर गेले आहे. त्यात हजार ते दीड हजार माणसे राहत असावीत असे स्थानिक संस्था सांगतात. हा अंदाज आहे, मोजणी नाही.

---

मेधा_ग

चांगला धागा. आत राहण्याची व्यवस्था कशी असते ते लिहिते, कारण पुढचे सगळे प्रश्न तिथूनच निघतात.

माणसे आत का जातात? पहिले कारण ऊन. जुलै २०२४ मध्ये तिथे पारा ४८.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत रस्त्यावर पडून राहिलेल्या माणसाची कातडी डांबराने भाजते. मोरीत सावली असते, जमिनीचा गारवा असतो. दुसरे कारण, निवाऱ्यांचे नियम. अनेक निवारे जोडप्यांना वेगळे झोपवतात, कुत्रा आत घेत नाहीत, सामानाला मर्यादा घालतात, ठरलेल्या वेळी बाहेर काढतात. तिसरे, वर पोलीस हटकतात, खाली कोणी बघत नाही. शिवाय कॅसिनो जवळ. तिथल्या यंत्रांत लोकांनी विसरलेली शिल्लक गोळा करणे, डबे-बाटल्या विकणे, भीक मागणे, यावर दिवस निघतो.

तळाला पाणी बारमाही असते. पाऊस नसला तरी बागांचे, गाड्या धुतल्याचे, गळक्या नळांचे पाणी झिरपत येते आणि घोट्याएवढी धार वाहत राहते. त्यामुळे पलंग जमिनीवर कोणी ठेवत नाही. दुधाच्या प्लॅस्टिकच्या क्रेट, लाकडी पॅलेट, सिमेंटचे ठोकळे रचून गादी दीड-दोन फूट वर घेतात. कपडे खरेदीच्या ढकलगाडीत, कागदपत्रे झिपच्या पिशवीत घालून छताजवळ टांगलेली. मोरीला बाक असेल तर त्या बाकाच्या पलीकडे मुक्काम करतात, म्हणजे तोंडाकडून उजेड मारला तरी दिसत नाही. हीच आडोशाची जागा पुरात सर्वांत वाईट, कारण पाणी येताना ते दिसत नाही.

आजार ठरलेले आहेत : सतत ओल्या पायांना बुरशी आणि जखमा, दमटपणामुळे खोकला, कोळ्यांचे आणि विंचवांचे दंश. मेणबत्ती किंवा गॅसची शेगडी लावली तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. डोके दुखते, झोप येते, आणि माणसाला वाटते थकवा आहे. दोन्ही तोंडांना प्लायवूड लावून केलेल्या 'खोलीत' हा धोका सर्वाधिक.

---

सह्यकडा

एक शंका. वेगासचा वार्षिक पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे कोकणात एवढा एका दिवसात पडतो. मग पुराची एवढी भीती कशासाठी? आणि पाणी वाढू लागले की चालत बाहेर पडता येत नाही का?

---

पाणलोट

@सह्यकडा, वार्षिक बेरीज इथे उपयोगाची नाही. तो पाऊस थोड्या वादळांत आणि मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये दणकून येतो. ८ जुलै १९९९ ला तास-दीड तासात काही भागांत तीन इंच, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. वर्षाच्या पावसाचा जवळजवळ पाऊण हिस्सा. त्या पुरात २ माणसे गेली.

आता मोरीचा हिशोब मांडतो, कुणीही ताडून पाहावा.

मोरी ३ मीटर रुंद, उतार १ टक्का, काँक्रीटचा मॅनिंग गुणांक (पृष्ठभागाचा खडबडीतपणा दाखवणारा आकडा) ०.०१५ धरू. पाणी ३० सेंटिमीटर चढले की पाण्याचा छेद ०.९ चौरस मीटर, ओली कड (पाण्याला टेकलेला तळ आणि भिंती मिळून) ३.६ मीटर, जलीय त्रिज्या (छेद भागिले ओली कड) ०.२५ मीटर. यातून वेग येतो सेकंदाला सुमारे २.६५ मीटर. विसर्ग, म्हणजे वाहून जाणारे पाणी, २.४ घनमीटर प्रतिसेकंद.

माणूस उभा राहू शकतो का, हे पाहायला खोली आणि वेग यांचा गुणाकार करतात. ऑस्ट्रेलियाच्या पूरमार्गदर्शिकेत प्रौढांसाठी ०.६ आणि मुलांसाठी ०.४ ही मर्यादा धरली आहे. इथे गुणाकार ०.७९ येतो. म्हणजे गुडघ्याच्या खालपर्यंतच्या पाण्यात धडधाकट माणूस आडवा होऊ शकतो. दोन्ही पायांवर येणारा जोर काढला तर ३८० न्यूटनच्या आसपास, म्हणजे ३८-३९ किलोचे ओझे आडवे लोटत असल्यासारखा. त्यात तळ शेवाळाने बुळबुळीत, धरायला काही नाही, आणि पाण्याबरोबर ढकलगाड्या, पॅलेट, गाद्या येत असतात. पाणी १५ सेंटिमीटर असताना हाच गुणाकार ०.२७ येतो. तेव्हा चालता येते. निघायची वेळ तीच.

हा २.४ घनमीटर विसर्ग यायला किती पाऊस लागतो? तासाला २५ मिलिमीटर दराने ३८ हेक्टर डांबर आणि छपरांवर पडला की पुरे. ३८ हेक्टर म्हणजे साडेतीन शिवाजी पार्क मैदाने. कॅसिनोंची वाहनतळे मिळूनच एवढे क्षेत्र भरते.

चालत बाहेर पडण्याबद्दल : तोंडापासून ४०० मीटर आत असलेला माणूस अंधारात, ओल्या तळावरून सेकंदाला ०.८ मीटर चालला तर ८ मिनिटांहून जास्त लागतात. बोगद्यात काम करणारे सांगतात की पाणी मिनिटाला फूटभर चढू शकते. झोपेतून उठणे, बूट शोधणे, कुत्र्याला घेणे हे अजून धरलेलेच नाही.

आणि सर्वांत फसवी गोष्ट, डोक्यावरचे आकाश निरभ्र असू शकते. वादळ पश्चिमेच्या डोंगरावर कोसळते आणि दहा किलोमीटरवरचे पाणी तासाभरात पोहोचते. वादळ थेट शहरावर असेल तर दहा मिनिटेही मिळत नाहीत.

---

नगरकर_तात्या

मग तोंडांना लोखंडी जाळ्या ठोकून बंद का करत नाहीत? माणसे आत गेलीच नाहीत तर मरणार नाहीत. यात अवघड काय आहे?

---

मोरीबांधणी

@नगरकर_तात्या, हा प्रश्न प्रत्येक शहरात विचारला जातो. उत्तर जलशास्त्रातच आहे.

जाळी कचरा अडवते. वाळवंटातल्या पहिल्या पुरात महिनोन्महिने साठलेला पालापाचोळा, प्लॅस्टिक, फांद्या एकदम येतात. पाच-दहा मिनिटांत जाळी भिंतीसारखी होते आणि पाणी मागे तुंबून रस्त्यावर जाते. ज्या कामासाठी मोरी बांधली तेच बंद पडते.

वरच्या तोंडाला जाळी लावायचीच असेल तर ती तिरपी लावतात, साधारण तीनास एक उतार, म्हणजे पाणी कचऱ्याला आणि माणसालाही वर सरकवते. तिचे क्षेत्रफळ मोरीच्या तोंडाच्या कित्येक पट ठेवावे लागते, नाहीतर वाहत आलेला माणूस तिच्यावर दाबला जाऊन तिथेच बुडतो. खालच्या तोंडाला, जिथून पाणी बाहेर पडते तिथे, जाळी कधीच लावायची नाही. आत वाहत आलेला माणूस तिला चिकटला की मागच्या पाण्याचा दाब त्याला सुटू देत नाही. मूल असो की कामगार, एकदा खेचला गेला तर त्याच्या सुटकेची एकमेव जागा ते खालचे उघडे तोंड असते.

तिसरी अडचण. शेकडो तोंडे, दर काही मीटरवर रस्त्याकडेला पाणी आत घेणारी भोके, चेंबरची झाकणे. एक बंद केले की लोक दुसऱ्यातून जातात, आणि आपण त्यांच्या बाहेर पडण्याच्या वाटांपैकी एक कमी केलेली असते.

---

निशिगंधा

भोंगे बसवता येणार नाहीत का? पूरनियंत्रण विभागाकडे मापक तर असतीलच.

---

पाणलोट

आहेत. पर्जन्यमापक आणि पातळीमापकांचे जाळे आहे, आकडे लगेच येतात, हवामान खाते मोबाइलवर इशाराही पाठवते. तो इशारा काँक्रीटखाली पोहोचत नाही, तिथे सिग्नल नसतो. मोरीत आवाज घुमतो, दिशा कळत नाही, आणि वर रस्त्याची घरघर असते. प्रत्यक्षात इशारा नेतात ती माणसे. अंदाज वाईट असेल त्या दिवशी संस्थांचे लोक तोंडातोंडाशी जाऊन सांगतात. ज्या माणसाला आतले लोक ओळखतात त्याचेच ऐकतात.

---

रेवा_क

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण तिच्यात गोंधळ फार आहे.

'द स्ट्रिप' हा कॅसिनोंचा प्रसिद्ध रस्ता बहुतांशी लास वेगास शहराच्या हद्दीत येतच नाही, तो क्लार्क काउंटीच्या थेट कारभाराखाली आहे. त्यामुळे नियम दोन. शहराने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठराव केला : निवाऱ्यात खाट रिकामी असताना मध्यवस्तीच्या रस्त्याकडेला झोपणे हा गुन्हा, शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० डॉलरपर्यंत दंड. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास (ओरेगनमधले एक शहर) खटल्यात निकाल दिला की सार्वजनिक जागी झोपण्यावर दंड करणे हे घटनेतल्या 'क्रूर शिक्षे'त बसत नाही. त्यानंतर काउंटीनेही बंदी आणली, ती १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे : १० दिवसांपर्यंत कैद, ५०० डॉलरपर्यंत दंड.

परिणाम सरळ आहे. वर झोपणे गुन्हा झाला की माणूस खाली सरकतो. आणि दंड भरला नाही, तारखेला गेला नाही, की वॉरंट निघते. पुढे घराचा अर्ज करताना तेच वॉरंट आडवे येते. माझ्या मते ही बंदी पुराच्या धोक्यात भर घालते, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

---

मेधा_ग

रेवाताईंशी सहमत. बाहेर येण्याची वाट कुठे अडते ते आता सविस्तर लिहिते. लोक विचारतात, 'त्यांना घर द्या ना'. द्यायला कार्यक्रम आहेत, पण दारात कागद मागतात.

अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याची 'दीर्घकालीन बेघर' अशी एक व्याख्या आहे. कायमस्वरूपी आणि सोबत आधारसेवा असलेल्या घरांपैकी बरीचशी याच लोकांसाठी राखीव असतात. तीत बसायला दोन गोष्टी लागतात. एक, डॉक्टरी दाखल्यानिशी अपंगत्व, त्यात मानसिक आजार आणि व्यसनाधीनताही येते. दोन, सलग १२ महिने बेघर, किंवा ३ वर्षांत किमान ४ वेळा मिळून १२ महिने. दोन वेळांमध्ये किमान ७ रात्रींचा खंड लागतो. रुग्णालयात किंवा तुरुंगात ९० दिवसांपेक्षा कमी राहिले तर तो खंड धरत नाहीत.

हे सिद्ध कसे करायचे? १२ पैकी किमान ९ महिन्यांचा पुरावा तिसऱ्या पक्षाचा हवा : निवाऱ्याची नोंद, किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने 'या तारखेला हा माणूस इथे राहताना पाहिला' असे लिहिलेले. उरलेल्या ३ महिन्यांसाठी स्वतःचे निवेदन चालते. महिन्यातून एकदा जरी भेट नोंदली असेल तरी तो अख्खा महिना धरला जातो. हा नियम मोलाचा आहे.

आता बोगद्यातला माणूस घ्या. पाच-पाच वर्षे आत आहे, निवाऱ्यात गेलेला नाही, म्हणून यंत्रणेत त्याची एकही नोंद नाही. कागदावर तो काल बेघर झाला. म्हणून संस्थांचे कार्यकर्ते त्याच त्याच मोरीत दर आठवड्याला जातात तेव्हा पाण्याच्या बाटल्या वाटणे हे अर्धेच काम असते. नाव, तारीख, ठिकाण, सही हे उरलेले अर्धे. पत्रकार मॅथ्यू ओब्रायन यांनी २००९ मध्ये सुरू केलेली 'शाइन अ लाइट' ही संस्था या कामासाठी ओळखली जाते. स्वतः बोगद्यात राहिलेली आणि बाहेर आलेली माणसे तिच्यात काम करतात, त्यामुळे आत विश्वास बसतो.

मग ओळखपत्र. फोटो असलेल्या ओळखपत्रासाठी जन्मदाखला, जन्मदाखला मागवायला बहुतेक राज्यांत ओळखपत्र. माणूस दुसऱ्या राज्यात जन्मलेला. टपाल यायला पत्ता हवा, तो संस्थेचा द्यायचा. दीड-दोन महिने यात जातात. मधेच पाणी आले की कागद गेले. पाणी नाही तर सफाई मोहीम येते, लोडरने गादीसकट सगळे उचलले जाते. म्हणून मिळालेला प्रत्येक कागद त्याच दिवशी स्कॅन करून कार्यकर्त्याकडे ठेवायचा आणि मूळ प्रत माणसाकडे न देता संस्थेच्या कपाटात. हे काटेकोरपणे पाळावे लागते.

भाडेमदतीचे व्हाउचर हाती आले तरी घर शोधायला सुरुवातीची मुदत किमान ६० दिवस, वाढवून मागावी लागते. फोन हरवला, घरमालकाचा निरोप चुकला, मुदत संपली, की पुन्हा रांगेत. घर मिळाल्यावरही पहिले काही महिने कोणीतरी येत-जात राहावे लागते. वीजबिल, शेजारी, एकटेपणा, जुन्या सोबत्यांना आत झोपू दिल्यामुळे येणारी नोटीस. घर इथेच सुटते बहुधा.

जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत देशभर बेघरांची एका रात्रीची मोजणी होते. २०२४ मध्ये दक्षिण नेवाडात सुमारे ७,९०० माणसे मोजली गेली. स्वयंसेवक अंधारात मोरीच्या आत खोलवर जात नाहीत, त्यामुळे बोगद्यांतली संख्या त्यात नीट उतरत नाही. निधी मात्र त्याच आकड्यांकडे बघून ठरतो.

---

हडसनकाठ

इतर शहरांचे दोन शब्द. न्यूयॉर्कमध्ये रिव्हरसाइड पार्कखालच्या रेल्वे बोगद्यात मालगाड्या बंद झाल्यावर वस्ती झाली होती. १९९१ मध्ये ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीने तिथून गाड्या सुरू केल्या आणि पुढच्या काही वर्षांत वस्ती उठली. तिथे अनेकांना भाडेमदतीची व्हाउचर देऊन घरे मिळाली. बुखारेस्टमध्ये गारा दे नोर्द स्थानकाजवळ आणि मंगोलियात उलानबातरला लोक गरम पाण्याच्या नळांच्या भुयारांत शिरले, कारण वर गोठून मरण. तिथे धोका पुराचा नसून उकळत्या नळाने भाजण्याचा. म्हणजे एका शहराचा उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लागू नाही. गाडीची वाट अडते तेव्हा पैसा पटकन निघतो, हे न्यूयॉर्कवरून दिसते.

---

सह्यकडा

आपल्याकडे काय स्थिती? मुंबईत पुलाखाली, वापरात नसलेल्या मोठ्या नळांत माणसे राहतातच.

---

रेवा_क

पर्जन्यवाहिनीत राहणे मुंबईत शक्यच नाही, पावसाळा चार महिन्यांचा. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटरच्या, ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ५० च्या क्षमतेवर नेण्याचे काम झाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर झाला होता.

बेघरांसाठी आपला निकष दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे १०० माणसांचा एक चोवीस तास निवारा, माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. आपल्या शहरात किती चालू आहेत हे महापालिकेला माहिती अधिकारात विचारता येते, विचारावे.

मेधाताईंनी लिहिलेल्या नोंदीशी मिळतीजुळती एक तरतूद आपल्याकडेही आहे. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा नमुना ६ भरला तर पत्त्याचा कागद लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो तिथे झोपतो याची खात्री करायची असते. फारच थोड्यांना हे माहीत आहे.

---

निशिगंधा

लास वेगासमधल्या मराठी मंडळींना मदत करायची असेल तर नेमके काय करावे? पिशवीत काय द्यावे?

---

मेधा_ग

@निशिगंधा, पहिली गोष्ट, स्वतः आत जाऊ नये. संस्थेबरोबर, तिच्या माणसाच्या मागे, आणि पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी अजिबात नाही. बाहेर एक माणूस फोन घेऊन उभा, आत किती जण गेले आणि किती वाजता परतायचे हे त्याच्याकडे लिहून. तोंडाशी थांबून मोठ्याने सांगायचे की आम्ही येतोय, मगच पुढे. ते कोणाचे तरी घर आहे. फोटो काढायचे नाहीत.

पिशवीत : अर्ध्या लिटरच्या दोन-तीन बाटल्या, जाड मोज्यांचे दोन जोड (सर्वांत जास्त मागणी याला), डोक्याला बांधायचा दिवा आणि त्याच मापाच्या जादा बॅटऱ्या, बुरशीविरोधी मलम, चिकटपट्ट्या, झिपच्या मोठ्या पिशव्या, डबा कापायचे हत्यार न लागता उघडणारे खाणे. दात खराब असतात, म्हणून कडक बार नको, मऊ पदार्थ द्या. मेणबत्त्या आणि शेगड्या देऊ नका, कारण वर लिहिलेच आहे.

नॅलॉक्सोनची, म्हणजे अफूवर्गीय द्रव्याच्या अतिमात्रेवरच्या उताऱ्याची, नाकात मारायची फवारणी तिथे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ४ मिलिग्रॅमची एक मात्रा एका नाकपुडीत. दोन-तीन मिनिटांत श्वास सुरू झाला नाही तर दुसरी, दुसऱ्या नाकपुडीत. तोवर तोंडाने श्वास देत राहायचे. शुद्धीवर आला की कुशीवर झोपवायचे. औषधाचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि अफूवर्गीय द्रव्य त्यापेक्षा जास्त वेळ अंगात राहू शकते, म्हणून एकटे सोडायचे नाही. आत सिग्नल नसतो, तेव्हा एकाने लगेच तोंडाशी पळत जाऊन ९११ ला फोन करायचा आणि पत्ता सांगताना वरच्या रस्त्यांचा चौक सांगायचा. रुग्णवाहिकेला मोरी सापडत नाही, चौक सापडतो.

पैसे द्यायचे असतील तर संस्थेला 'ओळखपत्र आणि जन्मदाखला शुल्कासाठी' असे लिहून द्या. मोजे बहुतेक जण देतात. या खात्यात कमी येतात.